चेतन चौहान गेले तेव्हा: फोनवरच्या एका कट्ट्याचा अनुभव

१६ ऑगस्ट २०२० ला, रविवारी, चेतन चौहान गेले. वय ७३. कोरोनाची लागण झाली होती, मग मूत्रपिंडं निकामी झाली. देशासाठी ते सुनील गावसकरांचे जोडीदार सलामीवीर होते. पुण्यातल्या साठी-सत्तरीच्या क्रिकेटवाल्यांना मात्र त्यांचा आणखी एक पत्ता ठाऊक होता. वडील लष्करात, त्यांची बदली १९६० मध्ये पुण्याला झाली आणि हा मुलगा इथेच वाढला. वाडिया कॉलेज, कमल भांडारकरांची शिकवण, पुणे विद्यापीठाचा संघ आणि मग महाराष्ट्राचा रणजी संघ. १९७२-७३ च्या मोसमात विदर्भाविरुद्ध मधू गुप्ते यांच्यासोबत त्यांनी पहिल्या विकेटसाठी ४०५ धावांची भागी केली होती. आजही मैदानावर जुनी मंडळी भेटली की हा आकडा निघतोच.

त्या रविवारी संध्याकाळी सगळ्या गटांवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि जोडलेले हात येऊन पडले. तासाभरात तेही थांबलं. एरवी अशी बातमी आली की अमृततुल्यच्या बाकड्यावर, नेट्सच्या मागच्या पायऱ्यांवर, टेकडीवरून उतरताना तिच्यावर तासन् तास बोललं जातं. मार्चपासून ते सगळं बंद पडलं होतं. जुलैत १४ ते २३ तारखेपर्यंत पुन्हा कडक लॉकडाऊन झाला होता. जिम उघडायला अजून दोन महिने होते. पुरुषाला रडायला लागतो तो खांदा नव्हता, आणि ज्या निमित्ताने तो खांद्याशेजारी जाऊन बसतो ते निमित्तही नव्हतं.

क्लब क्रिकेटमधून आलेले आम्ही काही जण आणि सोबत दोन समुपदेशक, अशांनी त्या आठवड्यात फोनवरचा एक कट्टा सुरू केला आणि तो पुढचे काही महिने चालवला. तो कसा लावला, काय फसलं आणि का फसलं, हे इथे लिहितो आहोत. क्लब, तालीम, सोसायटी किंवा कारखान्यातली युनियन, कुणालाही हे करता येईल.

पहिली गोष्ट निमंत्रणाची. 'मन मोकळं करायला या' असं लिहिलं तर पुरुष येत नाहीत. 'मानसिक आरोग्य' हा शब्द दिसला की 'माझं बरं चाललंय, तुमचं चालू द्या' असा निरोप येतो. आमचा निरोप एवढाच होता: 'बुधवारी रात्री ९ वाजता चेतन चौहान यांच्या खेळावर बोलूया. ज्यांनी त्यांना पाहिलंय त्यांनी आठवणी आणा. ज्यांनी नाही पाहिलं त्यांनी ऐकायला या.' बुधवार निवडला कारण पहिले दोन दिवस माणूस बातमीचा असतो, स्वतःचा नसतो. शिवाय शनिवारी गणपती बसणार होते. रात्री ९ ची वेळ विचार करून ठरवली होती. जेवणं उरकलेली असतात, घरात टीव्ही चालू असतो आणि त्या आवाजात बाल्कनीतलं बोलणं झाकलं जातं.

सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या असोत की कोथरूडचा वन बीएचके, लॉकडाऊनमध्ये पुरुषाला एकट्याने बोलायला जागाच नव्हती. म्हणून निरोपात जागाही सुचवायचो: गच्ची, जिन्याचा मधला टप्पा, पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी. गाडीत बसायचं असेल तर काच दोन बोटं खाली ठेवा, इंजिन बंद ठेवा. कानात इयरफोन हवाच, म्हणजे निदान समोरच्याचं बोलणं घरात ऐकू जात नाही. सुरुवातीला आम्ही प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचो: 'आत्ता शेजारी कुणी आहे का?' 'हो' म्हणाला तर त्या माणसाला त्या दिवशी फक्त खेळावरचे प्रश्न. त्याच्याशी बाकीचं बोलणं दुसऱ्या दिवशी, तो दूध किंवा भाजी आणायला बाहेर पडेल तेव्हा.

संख्या आठ. व्हॉट्सॲपवर तेव्हा गटाच्या व्हिडिओ कॉलला आठचीच मर्यादा होती, आणि ती आमच्या पथ्यावर पडली. सहा जण आलेले, दोघं आमचे. एक बोलणं पुढे न्यायला, दुसरा फक्त ऐकायला. दुसऱ्याच्या हातात कागद: कोण किती वेळ गप्प आहे, कुणाचा आवाज जड झाला, कोण मध्येच उठून गेला. झूमवर घेतलं तर फुकटातला कॉल ४० मिनिटांनी आपोआप तुटतो. हेही बरंच. किती वेळ बसावं लागणार हे आधी माहीत असलं की माणूस यायला तयार होतो. फक्त ३५ व्या मिनिटाला आवरायला घ्यायचं. कुणीतरी नुकतं तोंड उघडलंय आणि पडदा काळा झाला, असं एकदाही होता कामा नये. ते झालं की तो माणूस पुन्हा येत नाही.

पहिली दोन मिनिटं चेहरे बघायचे आणि मग सगळ्यांनी कॅमेरा बंद करायचा. हे समुपदेशकांना आधी पटलं नव्हतं, कारण चेहऱ्यावरून बरंच कळतं. पण पुरुषांची मैत्री समोरासमोर बसून होत नाही, ती शेजारी बसून होते. दोघं मैदानाकडे बघत असतात आणि बोलतात एकमेकांशी. कॅमेरा बंद केला की ते थोडंफार परत मिळतं.

हाताला काम द्यायचं, हीसुद्धा शेजारी बसण्याचीच एक तऱ्हा. निरोपात लिहिलं, 'घरात जुनी बॅट असेल तर घेऊन बसा.' बॅटला तेल पाजायला साधारण चाळीस मिनिटं सहज जातात. कच्चं जवसाचं तेल, एक चमचा, त्याहून जास्त नाही. मऊ फडक्याचा बोळा करून पात्याच्या तोंडावर, कडांना आणि टोकाला हलक्या हाताने फिरवायचा. दांडा जिथे पात्यात शिरतो त्या सांध्याला तेल लागू द्यायचं नाही, सरस सुटतो. मागे स्टिकर असेल तिथेही नाही. मग बॅट आडवी, तोंड वर करून, रात्रभर ठेवायची. उभी ठेवली तर तेल ओघळून टोकाला साचतं, लाकूड जड आणि मऊ होतं. बॅट नसेल त्यांनी बूट पॉलिश केले, लसूण सोलला, गणपतीच्या मखराला कागद चिकटवले. फोनमधून फडक्याचा तो सस्स-सस्स आवाज येत राहायचा. बोलता बोलता कुणाचा आवाज थांबला पण फडक्याचा आवाज चालू राहिला, तर काळजी नसायची, माणूस विचार करतोय. फडकंही थांबलं, तर ऐकणारा आमचा सोबती कागदावर त्या नावापुढे खूण करायचा.

पहिल्या बैठकीत एक चूक झाली. सुरुवातीला दोन मिनिटं स्तब्धता पाळली. सभागृहात स्तब्धता चालते, कारण शेजारच्याचा श्वास ऐकू येतो. फोनवर ती रेंज गेल्यासारखी वाटते. वीस सेकंदांत 'हॅलो, हॅलो, येतोय का आवाज?' सुरू झालं. पुढच्या वेळेपासून स्तब्धतेच्या जागी धावफलक वाचन ठेवलं. प्रत्येकाने एक डाव वाचायचा. १९६९ चं मुंबईतलं कसोटी पदार्पण, न्यूझीलंडविरुद्ध. १९७८ ला लाहोरमधले ९३. १९७९ चं ओव्हल, इंग्लंडविरुद्ध: चौथ्या डावात ४३८ चं आव्हान, गावसकर आणि चौहान यांची २१३ ची सलामी, त्यात चौहान यांच्या ८०, गावसकरांच्या २२१, आणि सामना ८ बाद ४२९ वर अनिर्णित. १९८१ ला ॲडलेडमध्ये ९७. चाळीस कसोटी, २०८४ धावा, १६ अर्धशतकं, शतक एकही नाही.

हा शेवटचा आकडा वाचला की कॉलवर शांतता व्हायची, आणि ती शांतता खरी असायची. शंभरी न गाठलेला पण चाळीस कसोटी खेळलेला माणूस. पगार निम्मा झालेला, दुकानाचं शटर पाच महिने खाली असलेला, मुलाच्या कॉलेजची फी कुठून भरायची या विवंचनेतला पन्नाशीचा गृहस्थ या आकड्यापाशी थांबतो. त्याला तिथे थांबू द्यायचं. 'म्हणजे बघा, शतक नसलं तरी किती मोठा खेळाडू' असं बोध करणारं वाक्य तिथे टाकायचं नाही. आमच्यातल्या एकाने ते टाकलं आणि पुढची दहा मिनिटं सगळे हो ला हो करत राहिले.

आकडेपंडित प्रत्येक गटात असतोच. त्याला आवरत बसू नका, त्याला गुणलेखक करा. 'काका, तुम्ही नोंद ठेवा, कुणी चुकीचं सांगितलं तर शेवटी दुरुस्त करा.' तो खूश, आणि मध्येच तोडणं बंद. सल्लागाराचं काम त्याहून अवघड. 'सकारात्मक राहा', 'प्राणायाम करा', 'बातम्या बघू नका', हे सगळं प्रेमापोटीच येतं, पण ज्याला ते ऐकवलं जातं तो तिथेच मिटतो. आमचा नियम होता: पहिली तीस मिनिटं कुणीही कुणाला 'तू असं कर' म्हणायचं नाही. म्हणालाच तर चालवणाऱ्याने लगेच प्रश्नाने वळवायचं: 'अहो, ते नंतर. त्या डावाच्या वेळी तुम्ही कुठे होता, ते सांगा.'

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्याच बैठकीत एक आक्षेप येतो आणि तो टाळता येत नाही: 'आपल्या सोसायटीत माणसं जातायत, घरची माणसं जातायत, आणि आपण एका क्रिकेटपटूसाठी काय जमलोय?' बोलणारा चिडलेला असतो, आणि त्याच्या चिडण्याखाली लाज असते. सख्ख्या काकासाठी डोळ्यातून पाणी आलं नाही आणि चौहान यांच्या बातमीने घसा दाटला, याची ती लाज.

यात लाजण्यासारखं काही नाही. घरचं माणूस जातं तेव्हा पुरुषाला काम लागतं. रुग्णालयाचं बिल, दाखला, पास, स्मशानभूमीतली वेळ. त्या काळात अंत्यविधीला वीस जणांचीच परवानगी होती. कोरोनाने गेलेल्याचं तोंडही नीट बघायला मिळत नव्हतं. दहावा, तेरावा, भेटायला येणारी माणसं, पिठलं-भात घेऊन येणारे शेजारी, दुःखाला वाट करून देणारी ही सगळी रीत एका फटक्यात बंद झाली. दुःख आत तसंच राहिलं. मग ज्याच्यासाठी काहीच करावं लागत नाही, ज्याच्या जाण्याने घरात कुणाला सावरावं लागत नाही, अशा कुणाचं जाणं समोर आलं की तिथून ते बाहेर पडतं. खेळाडूचं मरण ही सुरक्षित जागा असते. त्यात तुमची स्वतःची वर्षंही असतात: ट्रान्झिस्टरला कान लावून बसलेला दहावीतला तुम्ही, आणि शेजारी बसलेले वडील.

म्हणून त्या आक्षेपाला उत्तर द्यायचं नाही. विचारायचं, 'तुमच्याकडे कोण गेलं?' आणि मग थांबायचं. फोनवरची बारा-पंधरा सेकंदांची शांतता फार लांब वाटते. ती चालवणाऱ्याला झेपली पाहिजे. आम्ही घड्याळाचा काटा बघत बसायचो. जवळपास नेहमी उत्तर यायचं.

शोकाच्या पाच पायऱ्या असतात, नकार, राग वगैरे, हे बऱ्याच जणांनी कुठेतरी वाचलेलं असतं. 'मी अजून तिसरीवरच आहे का?' असं विचारणारे भेटतात. ती मांडणी १९६९ मधली, आणि मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांकडे बघून केलेली. मागे राहिलेल्यांचा शोक असा पायरी-पायरीने चढत नाही. समुपदेशक आम्हाला जे दाखवत होते ते वेगळं: माणूस दुःखात जातो, मग कामात जातो, पुन्हा दुःखात, पुन्हा कामात. दोन्हीकडे ये-जा चालू असली तर ठीक. एकाच टोकाला अडकला तर बघायला हवं. दिवसभर ऑफिसचे कॉल घेणारा, घर झाडणारा, भाजी धुणारा आणि गेलेल्या माणसाचं नावही न काढणारा पुरुष तितकाच अडकलेला असतो, जितका अंथरुणातून न उठणारा. घरच्यांना मात्र पहिला खंबीर वाटतो.

दुसऱ्या बैठकीचा विषय मेलबर्न. फेब्रुवारी १९८१, ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी. डेनिस लिलीच्या चेंडूवर गावसकरांना पायचीत दिलं. बॅटला लागलं होतं असं त्यांचं म्हणणं. संतापून ते निघाले आणि चौहान यांनाही सोबत घेऊन चालू लागले. सीमारेषेपाशी संघाचे व्यवस्थापक दुराणी यांनी चौहान यांना अडवलं आणि परत खेळपट्टीवर पाठवलं. चौहान पुढे ८५ वर बाद झाले. भारताने तो सामना ५९ धावांनी जिंकला, ऑस्ट्रेलिया ८३ त गारद, कपिलदेवचे पाच बळी. ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे तिच्यावर बोलायला कुणी बिचकत नाही. आम्ही एकच प्रश्न ठेवायचो: 'तुम्ही चौहान असता तर काय केलं असतं? मुकाट चालू लागला असता का?'

या प्रश्नातून राग बाहेर येतो. पुरुषांचं नैराश्य पुष्कळदा रडण्यासारखं दिसत नाही, ते चिडण्यासारखं दिसतं. वरणात मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवणं, मुलाच्या ऑनलाइन शाळेच्या आवाजावरून आरडाओरडा, गाडी उगाच जोरात हाणणं, रात्री दोनपर्यंत फोनवर बोट फिरवत राहणं. घरचे म्हणतात, 'ह्यांचा स्वभावच बदललाय.' मेलबर्नवर बोलताना कुणीतरी हमखास म्हणतो की राग आला की आपण सोबतच्यालाही ओढून नेतो. मग विचारायचं, 'घरी कुणाला नेलं?' इथे मात्र सावध राहायचं. घरात हात उगारला जातोय असं कळलं तर ती गटात बोलायची गोष्ट उरत नाही. आधी त्या घरातल्या बाईची आणि मुलांची सुरक्षितता, मग त्याचं दुःख. समुपदेशक त्याच रात्री वेगळा फोन करायचे.

मेलबर्नने जे उघडलं, ते मद्रासने बंद केलं. २४ सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाचे माजी फलंदाज डीन जोन्स मुंबईत हृदय बंद पडून गेले. आयपीएलच्या समालोचनासाठी आले होते, वय अवघं ५९. आता फोन पन्नाशीतल्यांचे येऊ लागले. स्वाभाविकच सप्टेंबर १९८६ चा मद्रासचा बरोबरीत सुटलेला भारत-ऑस्ट्रेलिया सामना निघाला: जोन्सच्या २१०, असह्य उकाडा, मैदानावरच उलट्या, सोडून जायची इच्छा बोलून दाखवल्यावर कर्णधार बॉर्डरने डिवचलं की नसेल जमत तर कुणी खमक्या क्वीन्सलँडवाला आणतो, आणि शेवटी रुग्णालयात सलाइन. गोष्ट थोर आहे. पण बैठकीत ती सांगून झाली की कुणी बोलेना. 'याला म्हणतात जिगर' यावर सगळं येऊन थांबलं. एवढं सोसणाऱ्या माणसापुढे 'मला झोप लागत नाही' असं कोण म्हणणार?

गेलेल्या खेळाडूची कुठली गोष्ट सांगायची, हे आधी ठरवून बसावं लागतं, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. सोसण्याच्या गोष्टीने माणसं मिटतात. थांबण्याच्या, परत पाठवलं जाण्याच्या, मदत मागण्याच्या गोष्टीने उघडतात. पुढच्या जोन्स बैठकीत आम्ही डाव सांगितलाच नाही, त्याच्यानंतरचं सलाइन सांगितलं. आणि इंग्लंडचा मार्कस ट्रेस्कोथिक २००६ मध्ये भारत दौरा अर्ध्यावर सोडून घरी परतला होता, ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅक्सवेलने २०१९ मध्ये मन ठीक नाही म्हणून खेळ थांबवला आणि तो पुन्हा खेळला, हे सांगितलं. आपल्या रॉबिन उथप्पाने तर २०२० च्या जूनमध्ये, लॉकडाऊनमध्येच, आपल्या मनात जीव देण्याचे विचार येत होते हे उघडपणे सांगितलं होतं.

जोन्स यांच्या बातमीनंतर छातीत दुखतंय असं सांगणारेही वाढले. ही घबराट आहे की हृदय, हे फोनवरून ठरवायचं नाही. दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जातंय, घाम सुटलाय, धाप लागलीय, तर सरळ १०८. 'ॲसिडिटी असेल' म्हणून सोडा पीत बसायचं नाही. ईसीजी चांगला आला, डॉक्टरांनी बघितलं, आणि तरी आठवड्यातून तीनदा तसंच होतंय, तर मग मानसोपचारतज्ज्ञ.

२५ नोव्हेंबरला मॅराडोना गेला. वय ६०, महिन्याच्या सुरुवातीला मेंदूवर शस्त्रक्रिया झालेली. खडकी-कॅम्पातली फुटबॉलवाली पोरं आली, तिशीतली, बरीचशी आयटीत, रात्रपाळीची. त्यांच्यासाठी वेळ रात्री ११ केली. मॅराडोनाच्या निमित्ताने व्यसनावर बोलणं आपसूक झालं, आम्हाला काही काढावं लागलं नाही. दारूबद्दल एकच गोष्ट इथे ठासून सांगतो, कारण मार्च-एप्रिलमध्ये दुकानं बंद झाली तेव्हा यात जीव धोक्यात आले. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करणं धोक्याचं असतं. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, नसलेली माणसं दिसतात, आणि हे जिवावर बेतू शकतं. 'सोडतोय तर सोडू दे' म्हणून दार लावून घ्यायचं नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं घेऊन सोडायची.

प्रत्येक बैठकीनंतर दुसऱ्या दिवशी एकेकाला फोन. खूण असलेल्या नावांना आधी. खेळावर दोन वाक्यं, मग दोन प्रश्न: 'गेल्या दोन आठवड्यांत, एरवी ज्यात रमता त्यात मन लागत नाही, असं किती दिवस झालं? उदास, हताश वाटतंय असं किती दिवस?' उत्तराला चार पर्याय: कधीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळपास रोज. त्यांना शून्य ते तीन गुण. दोन्हींची बेरीज तीन किंवा जास्त आली की पूर्ण नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही नैराश्याची चाचणी समुपदेशक घ्यायचे. त्यात एकूण २७ गुण असतात. दहा किंवा जास्त आले की डॉक्टरांकडे पाठवायचं. हे निदान नाही, फक्त पाठवायचं की नाही एवढं ठरवायला.

आणि एक प्रश्न सरळ विचारायचा. आडून नाही. 'जीव नकोसा झालाय का? स्वतःला संपवावं असं मनात येतं का?' विचारल्याने मनात नसलेला विचार घातला जातो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यावर बहुतेकदा पलीकडून सुस्कारा ऐकू येतो. २०२० मध्ये देशात १,५३,०५२ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यात सुमारे ७१ टक्के पुरुष होते. 'हो' आलं तर पुढचं: कसं करायचं ते ठरवलंय का, साधन घरात आहे का, कधी. ठरलेलं असेल तर फोन ठेवायचा नाही. आमच्यातला दुसरा त्याच वेळी त्याच्या घरातल्या माणसाला फोन लावतो. औषधांचा साठा, कीटकनाशकं, जे काही असेल ते घराबाहेर. एकटं सोडायचं नाही. आणि थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग, पुण्यात ससून आहेच. 'कुणाला सांगणार नाही ना?' असं तो विचारेल. इथे खोटं वचन द्यायचं नाही. 'तुझ्या जिवाला धोका आहे तोवर मी सांगणार, आणि कुणाला सांगतोय ते आधी तुला सांगेन.' २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, त्याला शिक्षेच्या भीतीने उपचार टाळायचं कारण नाही. हे त्याच्या घरच्यांना आवर्जून सांगायचं, ते पोलिसांच्या धास्तीने रुग्णालय टाळतात. आता रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे, तो मराठीत बोलतो.

डॉक्टरांकडे पाठवल्यावर काम संपत नाही. २५ मार्च २०२० रोजीच केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले होते, त्यामुळे व्हिडिओवर तपासणी होऊ शकत होती. अडचण पुढे यायची. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि मळमळ, झोपेतला बदल असे त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच होतात. म्हणजे आधी त्रास, नंतर गुण. दहाव्या दिवशी माणूस म्हणतो, 'काही उपयोग नाही राव,' आणि गोळ्या कपाटात. म्हणून पाचव्या, दहाव्या आणि विसाव्या दिवशी फोन ठरलेला. तिसऱ्या फोनला पुष्कळदा बायको किंवा आई आधी बोलायची: काल जेवताना दुसऱ्यांदा आमटी मागितली.

दोघा-दोघांच्या जोड्या लावल्या होत्या, सलामीवीरांसारख्या. एकाच वयाचे नको, एकाच ऑफिसातले अजिबात नको. साठीचा आणि तिशीचा अशी जोडी चांगली टिकली. आठवड्यातून दोन फोन, दहा मिनिटांचे, आळीपाळीने. फोन करायचा विसरला तर दुसऱ्याने रुसायचं नाही, स्वतः करायचा. गावसकर-चौहान यांनी कसोटीत सलामीला मिळून तीन हजारांवर धावा केल्या, आणि त्यातल्या बहुतेक वेळी लोक एकाकडेच बघत होते. हे जोड्या लावताना आम्ही सांगायचो. ते सांगून झालं की कुणीच 'मला जोडीदार नको' म्हणालं नाही.

जोडीदाराने फोन उचलला नाही तर काय, हे पहिल्याच दिवशी ठरवायचं. तासाभराने दुसरा फोन. रात्री झोपायच्या आधी तिसरा आणि एक साधा निरोप, 'जमेल तेव्हा एक टिंब पाठव.' टिंब आलं तरी पुरे. सकाळपर्यंत काहीच नाही आणि नावापुढे खूण असेल, तर घरच्यांना फोन. एकटा राहणारा असेल तर आमच्यातलं जवळ राहणारं कुणीतरी मास्क लावून त्याच्या इमारतीखाली. वर जायला परवानगी नसेल तर वॉचमनकडून इंटरकॉम. गॅलरीचं दार उघडून तो बाहेर आला की खालून विचारायचं, 'काय रे, बॅट वाळली का?' तो काहीतरी बोलेपर्यंत तिथून हलायचं नाही.